ईडी स्टॅकचा करंट पुन्हा पुन्हा पडतो: कॉस्टिक वाढवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चीजचा गोड व्हे (चीज करताना दुधातून सुटणारं पाणी) नॅनोफिल्ट्रेशनने (बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनने गाळून) दाट करून तुम्ही इलेक्ट्रोडायलिसिसवर, म्हणजे ईडीवर (मेम्ब्रेनच्या थप्पीतून, म्हणजे स्टॅकमधून, विजेच्या ओढीने क्षार काढण्याची पद्धत) घेता आणि त्यातले ९० टक्के क्षार काढता. जी बॅच आधी चार तासांत उतरायची, तिला आता सहा तास लागतात. सीआयपी (यंत्र न उघडता आतून धुणं) केलं की दोन-तीन बॅच बऱ्या जातात, मग करंट पुन्हा पडतो. पुरवठादार म्हणतो सगळे मेम्ब्रेन बदला. तुमच्या मनात आहे धुण्याचं कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) दोन टक्क्यांवरून चारवर न्यायचं आणि ५० अंशांवर फिरवायचं. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही करू नका. चार टक्के आणि ५० अंश तर मुळीच नको. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो, कारण त्यातच तुमच्या अडचणीचं एक मूळ असण्याची शक्यता आहे.

तुम्ही विचारताय साफ कसं करू. पण तुमच्याच वर्णनातल्या दोन गोष्टी मला जास्त बोलक्या वाटतात. सीआयपीनंतर करंट परत येतो, म्हणजे मेम्ब्रेन अजून मेलेले नाहीत. आणि तो दोन-तीन बॅचमध्येच पडतो, म्हणजे बॅच चालू असतानाच थर बसण्यासारखं काहीतरी घडतंय. ते घडायचं थांबलं नाही, तर नवे मेम्ब्रेन टाकूनही काही महिन्यांनी तुम्ही याच जागी याल. तेव्हा थर कोणत्या मेम्ब्रेनवर, त्याच्या कोणत्या बाजूला आणि बॅचच्या कोणत्या टप्प्यावर बसतो, ते आधी शोधायला हवं. मी व्हे, फळांचे रस आणि साखरेचे पाक या तिन्हींवर स्टॅक चालवलेत. पुढचं त्या अनुभवावरून लिहितोय. तुमचे मेम्ब्रेन कोणत्या जातीचे आहेत, स्पेसरमधला (दोन मेम्ब्रेनमधल्या जाळीतला) वेग किती आहे, व्हे कोणत्या चीजचा आहे, हे मला माहीत नाही. जिथे उत्तर त्यावर अवलंबून आहे तिथे तसं म्हणेन.

पहिलं काम मोजण्याचं. करंट पडला म्हणजे फाउलिंग (मेम्ब्रेनवर किंवा आत घाण बसणं) झालं, असं लगेच धरू नका. बॅच पुढे सरकते तशी डायल्यूटची (ज्यातून क्षार काढतो त्या द्रवाची, इथे व्हेची) कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) उतरते आणि व्होल्टेज तोच असला तर करंट आपोआप कमी होतो. हे निरोगी स्टॅकमध्येही होतं. म्हणून तुलना नेहमी ठरावीक कंडक्टिव्हिटीवर आणि ठरावीक तापमानावर करायची. उदाहरणार्थ, डायल्यूट चार मिलिसीमेन्सवर आला की त्या क्षणाचा व्होल्टेज, करंट, दोन्ही बाजूंचे पीएच आणि तापमान लिहून ठेवा, दर बॅचला. तापमान का, तर कंडक्टिव्हिटी दर अंशाला साधारण दोन टक्के बदलते. दहा अंश गार व्हे आला तर पाचवा हिस्सा करंट नुसत्या गारव्यात जातो आणि ऑपरेटर मेम्ब्रेनला दोष देत बसतो. पावडर प्लांट थांबला, व्हे टाकीत पडून राहिला, गार झाला, आणि लॉगबुकात नोंद झाली ‘फाउलिंग’, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसरी मोजणी मिठाच्या पाण्याची. सीआयपी संपलं की दोन्ही बाजूंना ज्ञात ताकदीचं, शुद्ध मिठाचं, २५ अंशांचं द्रावण फिरवा, ठरावीक व्होल्टेज द्या आणि करंट लिहा. त्यात ना प्रोटीन, ना कॅल्शियम. म्हणजे जो रोध दिसेल तो मेम्ब्रेनचा आणि स्टॅकचाच. स्टॅक नवा असतानाचा हा आकडा तुमच्याकडे असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर आजपासून नोंद सुरू करा. सीआयपीनंतर हा आकडा दर वेळी त्याच पातळीवर येत असेल, तर तुमचं फाउलिंग धुतलं जाणारं आहे आणि मेम्ब्रेन बदलायची घाई नाही. आकडा महिन्यागणिक उतरत असेल, तर मेम्ब्रेनच्या आत काहीतरी अडकलंय किंवा मेम्ब्रेनच बदलत चाललाय. बदलायचे की नाही हा निर्णय याच आकड्यावर घ्यायचा, पुरवठादाराच्या कोटेशनवर नाही.

आता बॅचमध्ये घडतं काय ते बघू.

स्टॅकमध्ये कॅटायन आणि अ‍ॅनायन मेम्ब्रेन आलटूनपालटून असतात. पहिला धन आयन जाऊ देतो, दुसरा ऋण. डायल्यूटच्या खणातून निघालेले क्षार शेजारच्या खणातल्या द्रवात जमतात, तो कॉन्सन्ट्रेट. गोड व्हेचा पीएच सहाच्या थोडा वर असतो. त्या पीएचला व्हेमधली मुख्य प्रोटीन्स ऋण भाराची असतात, कारण बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो तो) ५.२च्या आसपास आहे आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचा त्याहून खाली. ऋण भार म्हणजे ती धन टोकाकडे ओढली जाणार. वाटेत अ‍ॅनायन मेम्ब्रेन येतो, त्यातून जायला ती फार मोठी आहेत, म्हणून त्याच्या डायल्यूटकडच्या पृष्ठभागावर गर्दी करतात. अन्नपदार्थांच्या ईडीत सेंद्रिय फाउलिंग बहुतांशी अ‍ॅनायन मेम्ब्रेनवर दिसतं ते यामुळे. नुसती गर्दी मात्र तितकी घातक नसते. प्रवाहाचा वेग बरा असेल तर बरंचसं वाहून जातं. घात होतो तो गर्दी तिथेच साकळते तेव्हा.

ती साकळते बॅचच्या शेवटी. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाला चिकटून द्रवाचा एक पातळ थर असतो. तिथून आयन मेम्ब्रेनमध्ये खेचले जातात आणि मागून येणारे पुरे पडत नाहीत, त्यामुळे तो थर क्षारहीन होत जातो. करंट एका मर्यादेपलीकडे गेला की तिथले आयन जवळजवळ संपतात. हाच लिमिटिंग करंट. त्यापलीकडे दामटत राहिलात तर वीज वाहून न्यायला पाणीच फुटतं. अ‍ॅनायन मेम्ब्रेनच्या तोंडाशी पाणी फुटलं की हायड्रॉक्सिल मेम्ब्रेन ओलांडून कॉन्सन्ट्रेटमध्ये जातो आणि हायड्रोजन आयन डायल्यूटमध्ये मागे राहतो. म्हणजे नेमकं जिथे प्रोटीन गोळा झालंय तिथेच आम्लता वाढते. टाकीतला पीएच ५.८ दिसत असला तरी पृष्ठभागावर तो ५.२ किंवा त्याखाली गेलेला असू शकतो. समविद्युत बिंदूशी प्रोटीनचे रेणू एकमेकांना ढकलत नाहीत, ते साकळतात.

त्यात आणखी एक भर पडते. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाप्रमाणेच ग्लोब्युलिनच्या वळणाचं आहे. समविद्युत बिंदूजवळ विरघळलेलं राहायला त्याला थोडं मीठ लागतं. तुम्ही तर मीठच काढताय! बॅचच्या शेवटी पीएच खाली, क्षार जवळजवळ संपलेले आणि व्हे दाट, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी जुळून येतात. ५० टक्के क्षार काढणारे प्लांट आठवडेच्या आठवडे सुरळीत चालतात आणि ९० टक्केवाले रडतात, याचं मोठं कारण माझ्या मते हेच.

‘पण आम्ही करंट वाढवत नाही, व्होल्टेज कायम ठेवतो,’ असं तुम्ही म्हणाल. इथेच बरेच जण फसतात. कायम करंटपेक्षा कायम व्होल्टेज बरा, यात वाद नाही. पण स्टॅकचा एकूण रोध म्हणजे मेम्ब्रेन, कॉन्सन्ट्रेट आणि डायल्यूट यांची बेरीज. डायल्यूटमधले क्षार निम्मे झाले तरी बाकीच्या दोघांचा रोध तेवढाच राहतो, त्यामुळे करंट निम्म्यावर येत नाही, थोडा वरच राहतो. लिमिटिंग करंट मात्र डायल्यूटमधल्या क्षारांच्या प्रमाणात जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे सुरुवातीला मर्यादेच्या ६० टक्क्यांवर असलेला स्टॅक कुणी हात न लावता शेवटी मर्यादा ओलांडतो. शिवाय क्लोराइड आधी निघून जातं आणि मागे फॉस्फेट, सायट्रेट, लॅक्टेट असे सावकाश चालणारे आयन उरतात. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातली खरी मर्यादा हिशेबापेक्षाही खाली असते.

ही मर्यादा मोजता येते आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बॅच एका ठरावीक कंडक्टिव्हिटीवर असताना व्होल्टेज पायरीपायरीने वाढवा, दर पायरीला काही सेकंद थांबून करंट वाचा. मग व्होल्टेज भागिले करंट हा रोध उभ्या अक्षावर आणि एक भागिले करंट आडव्या अक्षावर मांडा. सरळ चाललेली रेघ जिथे वळते, तिथे मर्यादा. याला कोवन-ब्राउन आलेख म्हणतात. बॅचच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या टप्प्यात असं तीनदा करा आणि ज्या प्रवाहाने तुम्ही रोज चालवता त्याच प्रवाहावर करा, कारण वेग बदलला की मर्यादा बदलते. मग कोणत्याही टप्प्यावर त्या मर्यादेच्या ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे जायचं नाही, असा व्होल्टेज उतरवण्याचा तक्ता बनवा. दाट व्हेसाठी मी ७०चाच आग्रह धरतो.

आलेखाच्या भानगडीत पडायचं नसेल तर एक गावठी पण खात्रीची खूण सांगतो. डायल्यूटच्या पीएचची वेळेनुसार रेघ काढा. पीएच हळूहळू, सारख्या उताराने कमी होत असेल तर फार चिंता नको. एका जागी उतार अचानक वाढला, तर पाणी फुटायला लागल्याचा तो क्षण. तिथून पुढे व्होल्टेज उतरवा. व्होल्टेज उतरवला तर बॅच आणखी लांबेल ही भीती साहजिक आहे. पण फुटलेल्या पाण्यावर खर्च झालेला करंट क्षार हलवत नाही, आणि साकळलेलं प्रोटीन पुढच्या बॅचचा वेळ खातं. शेवटच्या तासाला व्होल्टेज कमी केल्याने आठवड्याचं एकूण उत्पादन वाढलेलं मी पाहिलंय, कारण मधली दोन सीआयपी वाचली.

आता मेम्ब्रेनची पलीकडची बाजू. कॅटायन मेम्ब्रेनमधून आलेलं कॅल्शियम आणि अ‍ॅनायन मेम्ब्रेनमधून आलेलं फॉस्फेट, दोघांची गाठ कॉन्सन्ट्रेटमध्ये पडते. फुटलेल्या पाण्याचा हायड्रॉक्सिलही तिथेच येतो. पीएच चढला की कॅल्शियम फॉस्फेट बसतं, सोबत कधी कार्बोनेट. हे स्केलिंग, आणि प्रोटीनच्या थरापेक्षा याची जात पूर्ण वेगळी. तुमच्या कॉन्सन्ट्रेट टाकीत आम्लाचा डोस आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर लावा. पीएच पाचच्या आसपास किंवा थोडा खाली राहिला की फॉस्फेटचा त्रास खूपच कमी होतो. पण अति आम्ल ओतू नका. अ‍ॅनायन मेम्ब्रेन बाकी धन आयन अडवतो, हायड्रोजन आयनला मात्र तो नीट अडवू शकत नाही. कॉन्सन्ट्रेट दोनच्या पीएचवर ठेवलंत तर ते आम्ल मेम्ब्रेनमधून झिरपून व्हेमध्ये येईल आणि ज्या पीएचपासून आपण पळतोय तिथेच पोचवेल. त्याचबरोबर कॉन्सन्ट्रेटमध्ये नवं पाणी किती सोडता तेही तपासा. पाणी वाचवण्यासाठी ब्लीड (कॉन्सन्ट्रेटमधून बाहेर सोडायचा हिस्सा) अगदी कमी केलेलं असतं आणि त्याची किंमत मेम्ब्रेन मोजतो.

तापमानाबाबत एकच उत्तर नाही. गरम चालवलं तर करंट जास्त, द्रव पातळ, काम लवकर. पण कॅल्शियम फॉस्फेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि ३० ते ४० अंशांत जंतू बहरतात. दहा-पंधरा अंशांवर चालवलं तर जंतूंचा त्रास कमी, पण मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ जास्त लागतं. दोन्ही पद्धतींचे प्लांट नीट चाललेले आहेत. मधल्या कोमट तापमानात तासन्‌तास थांबलेला व्हे मात्र कुठेच चालत नाही. थांबायचंच असेल तर स्टॅक रिकामा करून, धुऊन थांबा. बुळबुळीत थर आणि आंबूस वास आला तर ते जंतूंचं घर आहे. ते आधी स्पेसरच्या जाळीत धरतं आणि तिथून मेम्ब्रेनवर पसरतं.

फीडबद्दल थोडक्यात. केसीनचे बारीक कण आणि चरबी स्टॅकपर्यंत पोचताच कामा नये. क्लॅरिफायर, सेपरेटर आणि शेवटी कार्ट्रिज फिल्टर हवाच. स्पेसर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असतो, त्यात कण अडकला की त्याच्यामागे प्रवाह मरतो आणि त्या जागेपुरती मर्यादा खाली येते. हा प्रकार ओळखायचा तर विजेच्या नव्हे, दाबाच्या आकड्यांवरून ओळखा. दाबातला फरक वाढतोय आणि रोध तसाच, तर स्पेसर चोक. दाब तसाच आणि रोध वाढतोय, तर थर मेम्ब्रेनवर किंवा आत. दोन्ही वाढत असतील तर स्टॅक उघडायची तयारी ठेवा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: डायल्यूटच्या बाजूला अ‍ॅनायन मेम्ब्रेनवर प्रोटीन, कॉन्सन्ट्रेटच्या बाजूला कॅल्शियमचे क्षार, आणि दोन्हींना चालना देणारी एकच गोष्ट, बॅचच्या शेवटी फुटणारं पाणी.

आता कॉस्टिक. बहुतेक अ‍ॅनायन मेम्ब्रेनमध्ये भार धरणारा गट चतुर्थक अमोनियमचा असतो. तीव्र अल्कली आणि उष्णता एकत्र आली की हा गट तुटतो. काही गट पूर्ण जातात, काही तृतीयक अमाइन होऊन मेम्ब्रेनमध्येच राहतात. भार कमी झाला म्हणजे रोध वाढला, हे उघड नुकसान. लपलेलं नुकसान याहून वाईट आहे: तृतीयक अमाइन पाणी फुटण्याला उत्प्रेरकासारखं मदत करतं. म्हणजे कडक कॉस्टिकने धुतलेल्या मेम्ब्रेनवर पुढच्या बॅचला पाणी लवकर फुटतं, पीएच लवकर पडतो, प्रोटीन लवकर साकळतं. मग ऑपरेटर म्हणतो, सीआयपी कमी पडतंय, कॉस्टिक वाढवा. हे चक्र तुमच्याकडे सुरू झालं असेल असा मला दाट संशय आहे, कारण तुम्ही आधीच दोन टक्क्यांवर आहात. काही अ‍ॅनायन मेम्ब्रेनची पीएचची वरची मर्यादा दहाच्या आतच असते, काही खास अल्कली सोसणारे असतात. तुमच्या मेम्ब्रेनची डेटाशीट काढा आणि पीएच व तापमान यांची मर्यादा एकत्र वाचा, सुटीसुटी नव्हे. साधारण मेम्ब्रेनसाठी ४० अंश हीच वरची रेघ असते.

धुण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. बॅच संपते तेव्हा कॅटायन मेम्ब्रेन कॅल्शियमने भरलेला असतो. त्यावर सरळ कॉस्टिक सोडलं तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट मेम्ब्रेनच्या आत, त्याच्या पोटात बसतं. वरचा थर निघतो, आतला वाढतो. म्हणून मी असं करतो. आधी मृदू किंवा आरओच्या पाण्याने व्हे पूर्ण बाहेर काढायचा. मग तीन ते पाच टक्के मिठाचं पाणी फिरवायचं. सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि क्लोराइड अ‍ॅनायन मेम्ब्रेनमध्ये अडकलेल्या सेंद्रिय आयनांना बाहेर ढकलतं. त्यानंतर सौम्य अल्कली, शक्यतो त्यातही थोडं मीठ, डेटाशीटच्या मर्यादेत, ३५ अंशांच्या आसपास. ताकद वाढवण्याऐवजी वेळ वाढवायचा. पुन्हा पाणी. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल, क्षारांसाठी. आणि मग भरपूर पाणी, पीएच स्थिर होईपर्यंत.

आम्ल आधी की अल्कली आधी, यावर लोक भांडतात. थर मुख्यतः प्रोटीनचा असेल तर आम्ल आधी घातल्याने तो आणखी घट्ट बसतो, म्हणून अल्कली आधी. थर मुख्यतः कॅल्शियमचा आणि प्रोटीन त्यात नुसतं अडकलेलं असेल तर थोडं आम्ल आधी घातल्याने सांगाडा सुटतो आणि मग अल्कलीला वाट मिळते. कोणता प्रकार आहे ते थर पाहून ठरवावं लागतं. प्रोटीन फारच चिवट असेल तर प्रोटिएज एन्झाइमचं क्लीनर सौम्य पीएचवर काम करतं. ते वेळखाऊ आहे, पण मेम्ब्रेनला सोसवतं. क्लोरीन किंवा हायपोक्लोराइट कुठल्याही टप्प्यावर नको. दाट मिठाच्या पाण्यावरून एकदम क्षारहीन पाण्यावरही जाऊ नका. मेम्ब्रेन आकसतो-फुगतो आणि कडेला गळती सुरू होते. मध्ये एक पातळ टप्पा ठेवा.

थर पाहायचा तर स्टॅक एकदा उघडावाच लागेल. वीज पूर्ण तोडून, इलेक्ट्रोडच्या खणातला वायू बाहेर जाऊ देऊन उघडा. ऋण इलेक्ट्रोडवर हायड्रोजन तयार होतो आणि इलेक्ट्रोडच्या पाण्यात क्लोराइड असेल तर धन बाजूला क्लोरीन. सगळ्या जोड्या काढायची गरज नाही, दोन टोकांच्या आणि मधल्या काही पुरतात. मेम्ब्रेन ओलेच ठेवा, वाळले तर तडकतात. थर नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि कोणत्या बाजूचा ते लिहून वेगळा ठेवा. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. न फसफसता विरघळलं तर बहुधा फॉस्फेट. आम्लात ढिम्म आणि सौम्य अल्कलीत फुगून सुटलं तर प्रोटीन. उरलेला चिमूटभर थर जाळून पाहा: केस जळल्यासारखा वास आला तर प्रोटीनची खात्री, मागे पांढरी राख उरली तर क्षार. दोन्ही झालं तर मिश्र थर, आणि व्हेमध्ये तोच जास्त आढळतो. रंगाला फार भुलू नका. पिवळट-तपकिरी झालेला मेम्ब्रेन मिठाच्या पाण्याच्या चाचणीत उत्तम निघतो आणि पांढराशुभ्र दिसणारा नापास होतो.

हा मुद्दा रस आणि पाक चालवणाऱ्यांना तर रोजचा. तिथे प्रोटीनऐवजी पॉलिफेनॉल आणि रंगद्रव्यं असतात. मेम्ब्रेनच्या सांगाड्यात स्टायरीनची वलयं असतात, पॉलिफेनॉलमध्येही तशीच वलयं. ती एकमेकांना धरून बसतात आणि आतपर्यंत शिरतात. वाइनमधून टार्ट्रेट काढताना अ‍ॅनायन मेम्ब्रेन रंगतो तो यामुळे, शिवाय कॉन्सन्ट्रेटमध्ये पोटॅशियम बायटार्ट्रेट बसायची भीती वेगळी. जाता जाता सांगतो, ईडीचा जन्मच मुळी अन्नप्रक्रियेतला. १८९० साली मेग्रो आणि साबातेस यांनी साखरेच्या पाकातले क्षार काढण्यासाठी ही कल्पना मांडली. आयन-एक्स्चेंज मेम्ब्रेन त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी आले.

पोलॅरिटी उलटवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. पाण्याच्या प्लांटमध्ये दर काही मिनिटांनी धन-ऋण टोकं बदलतात, त्यामुळे बसलेला थर उलट दिशेला ढकलला जातो. १९७०च्या दशकापासून ही पद्धत रुळलेली आहे. अन्नात अडचण अशी की टोकं बदलली की डायल्यूटचा खण कॉन्सन्ट्रेटचा होतो. दर वेळी थोडा व्हे वाया जातो आणि दोन्ही वाटा अन्नाच्या दर्जाने स्वच्छ ठेवाव्या लागतात. म्हणून बरेच जण बॅचच्या मध्ये किंवा सीआयपीच्या मिठाच्या पाण्यातच टोकं उलटवतात. ते करून पाहण्यासारखं आहे, फक्त इलेक्ट्रोड दोन्ही दिशांनी चालणारे आहेत ना, याची आधी खात्री करा. दुसरा मार्ग स्पंदित करंटचा: काही क्षण चालू, काही क्षण बंद. बंद असताना पृष्ठभागाजवळ आयन पुन्हा भरून येतात. क्युबेकमधल्या लावाल विद्यापीठात यावर भरपूर काम झालंय आणि प्रोटीन व क्षार दोन्हींचं फाउलिंग त्याने कमी होतं. तुमचा रेक्टिफायर (स्टॅकला डीसी वीज देणारं यंत्र) त्यासाठी बनलेला नसेल तर मात्र हा खर्चिक नाद आहे. आधी व्होल्टेज उतरवण्याचा तक्ता लावा, तो फुकट आहे.

मेम्ब्रेन कधी बदलायचे? नीट क्रमाने, दोनदा धुऊनही मिठाच्या पाण्याची चाचणी पूर्वपदावर येत नसेल तर. तेव्हाही सगळे एकदम नाही. सहसा अ‍ॅनायन मेम्ब्रेन आधी जातात, कॅटायन बरेच टिकतात. दोन्हींचे नमुने काढून त्यांची आयन धरण्याची क्षमता तपासून घ्या. पुरवठादाराकडूनही होतं, पण शक्य असेल तर तिऱ्हाइताकडून. जुन्या अ‍ॅनायन मेम्ब्रेनची क्षमता नव्याच्या तुलनेत बरीच खाली आली असेल तर अल्कलीने तो खाल्लाय, आणि मग नवे आणताना अल्कली सोसणारी जात मागा.

शेवटचा प्रश्न तुम्हाला आवडणार नाही. ९० टक्के ईडीवरच काढायचे आहेत का? शेवटचे वीस-तीस टक्के काढायला लागणारा वेळ आणि वीज सुरुवातीच्या टप्प्याच्या मानाने प्रमाणाबाहेर असते, आणि फाउलिंगही मुख्यतः तिथेच होतं. ईडीने ६०-७० टक्क्यांवर थांबून उरलेले क्षार आयन-एक्स्चेंज रेझिनवर काढणं ही जुनी, चांगली वाट आहे. रेझिनच्या रीजनरेशनचं (ते पुन्हा ताजं करण्याचं) सांडपाणी वाढतं हे खरं. तुमच्याकडे त्याची सोय आहे का, यावर हे ठरेल.

तर करायचं असं. कॉस्टिक आहे त्याहून वाढवू नका, उलट डेटाशीट पाहून खाली आणा. उद्याच्या सीआयपीनंतर मिठाच्या पाण्याची चाचणी घ्या. पुढच्या दोन बॅचमध्ये डायल्यूट आणि कॉन्सन्ट्रेट दोन्हींचा पीएच दर दहा मिनिटांनी लिहा, सोबत व्होल्टेज, करंट, कंडक्टिव्हिटी, तापमान आणि दोन्ही बाजूंचा दाब. ते आकडे इथे टाका. मेम्ब्रेनची जात आणि कॉन्सन्ट्रेटच्या आम्लाचा डोसही लिहा. डायल्यूटचा पीएच शेवटच्या तासात झपकन पडताना दिसला तर आपण व्होल्टेजच्या तक्त्यापासून सुरुवात करू. नाही दिसला, तर आधी स्टॅक उघडून थर पाहावा लागेल.